बागकाम आणि मौन : अमरावती मार्गावरील सहा रविवारांचा वर्ग

नागपुरात वाडीच्या पुढे, अमरावती मार्गापासून थोडे आत असलेल्या एका जुन्या रोपवाटिकेत वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि पावसाळ्यात, ‘बागकाम आणि मौन’ या नावाने सहा रविवारांचा वर्ग भरतो. यंदाच्या जानेवारी-फेब्रुवारीतील तुकडीत मी होतो. शुल्क १,८०० रुपये, वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ, आणि एका तुकडीत बाराच माणसे. रोपवाटिकेचे नाव मी येथे देत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. बाराच्या वर माणसे आली की मौन टिकत नाही, असा त्यांचा अनुभव आहे आणि सहाही रविवार तेथे काढल्यावर तो मला पटला आहे.

या वर्गाकडे मी ज्या कारणाने वळलो ते सांगितल्याशिवाय माझ्या मताला अर्थ राहणार नाही. पाटबंधारे खात्यात माझी चौतीस वर्षे गेली. पेंच प्रकल्पाच्या तोतलाडोह जलाशयात आज किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी आहे, त्यातले नागपूर शहराला किती द्यायचे आणि कालव्यांना किती सोडायचे, हा हिशेब घेऊन मी झोपत असे आणि तोच घेऊन उठत असे. निवृत्तीनंतर हिशेब संपला, पण मनाची धाव थांबली नाही. पहाटे साडेतीनला जाग येई आणि करण्यासारखे काहीच नसताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत राही. मन गुंतावे म्हणून गच्चीवर एकदम बावीस कुंड्या आणल्या. त्यातल्या नऊ दिवाळीपर्यंत टिकल्या. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेले तयार मिश्रण जवळजवळ निव्वळ नारळाच्या भुशाचे निघाले; एकदा पूर्ण सुकले की त्यावर ओतलेले पाणी कुंडीच्या कडेकडेने खाली निघून जाई आणि मुळे कोरडीच राहत. तरीही सगळा दोष त्या मिश्रणाचा नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा मला सरळ सांगितले, “तुम्ही झाडांना पाणी देत नाही हो, पाणी उरकता.”

पहिल्या रविवारी साडेसहाला अजून धुके होते. आम्हा बाराही जणांना प्रत्येकी एक कुंडी देण्यात आली आणि हात न लावता वीस मिनिटे तिच्याकडे पाहत बसायला सांगितले. माझ्या वाट्याला जास्वंद आली, अर्धी वाळलेली, फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणांचा पांढरा कापूस धरलेली. पहिल्या पाच मिनिटांत जे दिसायचे ते दिसून गेले असे वाटले. मग खोडाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसली, ती त्या कापसापर्यंत जात होती. ढेकणांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या त्यांची राखण करतात, हे नंतर कळले. कुंडीच्या काठाला क्षारांचा पांढरा पट्टा होता. एका फांदीचे टोक मेलेले होते, पण त्याच्या चार बोटे खाली सालीत हिरवट फुगीर ठिपका होता. वीस मिनिटे संपल्याची घंटा झाली तेव्हा मला पाहणे अपुरे वाटत होते. गेल्या कित्येक वर्षांत कोणत्याही एका गोष्टीकडे मी इतका वेळ, तिच्याकडून काहीही न मागता, पाहिले नव्हते.

त्यानंतर मी सवयीने झारी उचलली, तेव्हा तेथील माळीकाकांनी हात पुढे केला. सत्तरीच्या घरातले हे गृहस्थ या वर्गाचा खरा आधार आहेत. मालक प्रस्तावना करतात, कागद वाटतात, पण शिकवतात ते काका. ते म्हणाले, “काहून घाई करून राहिले साहेब? आधी बोट घालून पाहा जी. ओलं लागलं त राहू द्या. मुळाले हवा बी लागते ना.” दोन पेरांपर्यंत बोट मातीत घातले तर माती चक्क ओली होती. वरची पापुद्र्यासारखी कोरडी पडलेली माती पाहून मी रोज पाणी ओतत आलो होतो आणि तळाशी माझी झाडे गुदमरत होती.

यामागचे कारण काकांनी त्यांच्या भाषेत आणि मालकांनी पुस्तकी भाषेत, असे दोनदा समजावले आणि दोन्ही वेळा ते ऐकण्यासारखे होते. आपल्याकडची काळी कन्हार माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना आकसतात, म्हणून उन्हाळ्यात शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात ही माती ओल धरून ठेवते म्हणून ती कापसाला मानवते. तीच माती जशीच्या तशी कुंडीत भरली की पाण्याने फुगून सगळ्या पोकळ्या बंद करते. मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नसल्यामुळे झाड वरून तहानलेले दिसते. मग माणूस आणखी पाणी घालतो. जलाशयाच्या पातळीवर मी आयुष्यभर जे करीत आलो, म्हणजे आधी मोजायचे आणि मग सोडायचे, ते हातभर कुंडीच्या बाबतीत मला सुचले नव्हते, याचे मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटले.

दुसऱ्या रविवारी माती कालवली. एक भाग काळी माती, एक भाग मुरूम आणि जाड रेती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, वर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. खत कुजले आहे की नाही हे ओळखण्याची काकांची रीत म्हणजे ते हातात घेऊन हुंगणे : शेणाचा वास आला तर ते कच्चे, पहिल्या पावसाचा आला तर तयार. त्या वासाला शास्त्रातही नाव आहे. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस वर्गातले जिवाणू ते तयार करतात आणि ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणात असले तरी माणसाच्या नाकाला जाणवते. हे मालकांनी सांगितले ते बरेच झाले, पण सांगून झाल्यावर त्यांनी अर्धा तास मौन ठेवले हे त्याहून बरे झाले. कोपरापर्यंत हात मातीत, बारा माणसे गोल बसलेली, आणि ढेकळे फुटण्याचा तेवढा आवाज. माझ्या शेजारी बसलेल्या बाई त्या अर्ध्या तासात रडल्या. कोणी काही विचारले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे हात थांबले नाहीत. असे रडू येथे कोणाला अडचणीचे वाटत नाही, ही या वर्गाची मोठी जमेची बाजू आहे.

मौनाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण बहुतेकांच्या मनात शंका असते ती त्याच्याबद्दल. येथे डोळे मिटून बसवत नाहीत. श्वासाकडे लक्ष द्या, विचार सोडा, अशा सूचना पहिल्या पाच रविवारी एकदाही झाल्या नाहीत. हाताला काम दिले जाते आणि बोलणे थांबवले जाते, एवढेच. मी पूर्वी एका शिबिरात ध्यान शिकण्याचा प्रयत्न केला होता. शांत बसलो की मनातली वर्दळ दुपटीने वाढे. येथे मिरचीची नाजूक रोपे वाफ्यातून काढून मुळांना धक्का न लावता पिशवीत लावताना मनाला भटकायला जागाच उरत नव्हती, कारण क्षणभर लक्ष चुकले की मूळ तुटल्याचे बोटांना कळे. काम संपल्यावर हात धुताना ध्यानात येई की मधला बराच वेळ ‘मी’ कुठेच नव्हतो. ही अवस्था मी शोधायला गेलो नव्हतो, आणि जेव्हा जेव्हा ती आली तेव्हा मी रोपाकडे पाहत होतो, स्वतःकडे नव्हे.

चौथा रविवार माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा. रोपवाटिकेच्या मागे संत्र्याची दहा-बारा झाडे आहेत. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, त्यांचे पाणी डिसेंबरात तोडले होते. विदर्भातल्या बागाइतदारांना हे सांगण्याची गरज नाही, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : संत्र्याचे झाड पाणी मिळत राहिले की पालवीच फोडत राहते, त्याला ताण दिला, म्हणजे काही आठवडे पाणी बंद ठेवले, की त्याची वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी पुन्हा सुरू केले की नव्या फुटीबरोबर फुले येतात. भारी जमिनीत ओल लवकर हटत नाही, म्हणून ताण लांबवावा लागतो. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो आणि जास्त झाला तर फांद्या वाळतात. त्या रविवारी पहिली फुले उमलली होती. थंड हवेत तो वास जमिनीलगत साचून राहिला होता आणि त्या वासात आम्ही तासभर झाडांभोवतीची पाण्याची आळी सारखी करीत होतो. काका खोडांना बोर्डो मलम लावत होते, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, खोडातून डिंक गळण्याचा डिंक्या रोग येऊ नये म्हणून. हात न थांबवता ते म्हणाले, “ताण देला त बहार येते. पण पाणी सोडाची येळ बी समजली पाहिजे, नाही त झाडच जाते.”

निवृत्तीनंतरचे रिकामे महिने मी शिक्षेसारखे काढले होते. त्या झाडांखाली बसलो असताना त्या महिन्यांकडे पहिल्यांदाच वेगळ्या नजरेने पाहता आले. त्या दिवसापासून काका मला ‘साहेब’ म्हणायचे सोडून ‘भाऊ’ म्हणू लागले. त्यांना ते जाणवले की नाही ठाऊक नाही, मला जाणवले.

पाचव्या रविवारी सहल होती, वर्ध्याच्या अलीकडे धाम नदीकाठच्या पवनारला. तिचे ४०० रुपये वेगळे घेतले जातात आणि हे आधी स्पष्ट सांगत नाहीत, ते सांगायला हवे. सहल मात्र वर्गाच्या विषयाला अगदी जोडून आहे. १९३८ मध्ये प्रकृती पार खालावलेली असताना विनोबा भावे येथे राहायला आले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी ‘संन्यस्तं मया’ असे तीनदा म्हणून आश्रमाच्या आणि कामाच्या सगळ्या चिंता मागे टाकल्या आणि येथे आल्यावर शेतात खणायला सुरुवात केली. सुरुवात अगदी थोड्या मिनिटांची होती. रोज थोडे थोडे वाढवत ते तासांवर गेले आणि प्रकृती सुधारली. त्या जमिनीच्या खणण्यातूनच भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प निघाले, ते आज आश्रमात पुजले जाते. पुढे १९५० च्या सुमारास त्यांनी येथेच बैलांशिवाय, केवळ हातातल्या अवजारांनी शेती करण्याचा प्रयोग केला. त्याला ते ऋषिशेती म्हणत. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनींच्या जीवनक्रमात आजही उपासनेबरोबर शरीरश्रमाला स्थान आहे. एक आजारी माणूस डोक्यातले ओझे पुलावर ठेवून येतो आणि हातात कुदळ घेतो, हे ऐकताना आमच्यापैकी प्रत्येक जण आपापल्या ओझ्याकडे पाहत होता असे मला वाटले. दुपारी नदीकाठी तासभर मौन होते. घाटावर कपडे धुण्याचा आवाज येत होता आणि त्याने काही बिघडले नाही.

मालकांनी वाटलेल्या कागदांत एका डच प्रयोगाची माहिती आहे. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस हौशी बागकामकऱ्यांना आधी मुद्दाम ताण येईल असे काम दिले आणि मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम करायला व निम्म्यांना घरात वाचत बसायला सांगितले. दोन्ही गटांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरले. बागेतल्यांचे अधिक उतरले. प्रयोग लहान आहे आणि त्यातली माणसे मुळातच बागेची आवड असलेली होती, हे कागदावर प्रामाणिकपणे लिहिले आहे. असा सावधपणा मला आवडतो.

म्हणूनच सहाव्या रविवारने निराशा केली. त्या दिवशी काकांना बाजूला बसवून एका पाहुण्या वक्त्यांना बोलावले होते. ध्वनिक्षेपक आला, बासरीची ध्वनिमुद्रित धून लागली, आणि आम्हाला डोळे मिटून झाडांची ऊर्जा आपल्यात उतरते आहे अशी कल्पना करायला सांगितले गेले. घरात चार-पाच विशिष्ट कुंड्या ठेवल्या की खोलीतली हवा शुद्ध होते आणि शुद्ध हवेने मन शांत होते, असेही ठामपणे सांगितले गेले. हे बरोबर नाही. हा समज ज्या १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून पसरला, तो लहान, हवाबंद पेट्यांमध्ये केला होता. अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये घेतला गेला, तेव्हा घराच्या खिडक्या-दारांतून सहज होते तेवढी हवा शुद्ध करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील असे दिसून आले. झाडाचे मोल त्याने हवा गाळावी यावर अवलंबून नाही. पाच रविवार आम्ही ते वेगळ्या रीतीने अनुभवले होते. आणि ज्या भाषेत सावता माळ्यांसारखा संत होऊन गेला, ज्याने मळा सोडून पंढरीला जाण्याची गरज मानली नाही, त्या भाषेत बागेच्या अध्यात्माविषयी बोलताना कंपने आणि लहरी कशाला लागाव्यात, हे मला समजले नाही. त्या तासभरात, डोळे मिटून शांतीची कल्पना करीत असताना, मी सहा आठवड्यांत सगळ्यांत जास्त अस्वस्थ होतो. हे मत मी मालकांना लेखी कळवले आहे. पुढील तुकडीत शेवटचा रविवारही काकांकडे देण्याचा विचार करू, असे त्यांनी सांगितले.

सोयींबद्दल. बाराजणांत सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्रीचे नग, चारच होते आणि त्यांतला एक बोथट, त्यामुळे मोगऱ्याच्या छाटणीच्या दिवशी निम्म्या वेळा हात बांधून उभे राहावे लागले. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्याचे प्रात्यक्षिक दहा मिनिटांत उरकले गेले. ज्याला कलम शिकायचे आहे त्याने त्यासाठी येथे येऊ नये. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लाकडी पाट आणि दोन उंच ओटे आहेत, ते उपयोगी पडतात. स्वच्छतागृह नीट आहे. तर्री-पोहे उत्तम असतात, परंतु ते आठ वाजता मधेच येतात आणि तर्रीचा वास सुटला की मौन संपते; ते शेवटी ठेवावेत. डास आहेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. मोबाईल प्रवेशाशीच एका टोपलीत ठेवून घेतात, यावर पहिल्या दिवशी दोघांनी हरकत घेतली होती. दुसऱ्या रविवारी कोणी घेतली नाही.

हे लिहीत आहे तेव्हा मे महिना चालू आहे आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आहे. गच्चीवर हिरवी जाळी बांधली आहे, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आहेत, मातीवर पालापाचोळ्याचा थर आहे. झाडे एकोणीस आहेत आणि होळीनंतर एकही गेलेले नाही. फेब्रुवारीत छाटलेला मोगरा चैत्रापासून फुलतो आहे. पहाटेची जाग पूर्णपणे गेली असा दावा मी करणार नाही. साडेतीनचे पावणेपाच झाले आहेत, आणि जाग आली की मी गच्चीवर जातो. उजाडेपर्यंत कुंड्यांशेजारी बसतो, मग एकेका कुंडीत बोट घालून पाहतो. ज्यांना ओल आहे त्यांना पाणी देत नाही. सगळे मिळून पाऊण तास लागतो. पूर्वी मी हे काम सात मिनिटांत करीत असे. वर्गात मिळालेली जास्वंद घरी आणली आहे. निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याच्या चार फवारण्यांनंतर ढेकूण गेले आहेत, त्या हिरव्या ठिपक्याची वीतभर फांदी झाली आहे, कळी अजून नाही.

ज्यांना सहा आठवड्यांत गच्ची फुलवायची आहे, भाज्या काढायच्या आहेत किंवा रोपे स्वस्तात हवी आहेत, त्यांच्यासाठी हा वर्ग नाही. त्यांनी महाराजबागेला लागून असलेल्या कृषी महाविद्यालयात चौकशी करावी. ज्यांचे मन थांबत नाही, ज्यांना ध्यानाला बसणे जमत नाही आणि मातीत हात घालायला संकोच वाटत नाही, त्यांना मी हा वर्ग निःशंकपणे सुचवीन, आणि सहाव्या रविवारची उणीव धरूनही १,८०० रुपये मला कमीच वाटतात. पुढील तुकडी जुलैत सुरू होते आणि मी पुन्हा नाव नोंदवले आहे, यावेळी सौभाग्यवतींसह. नोंदणी फोनवर होत नाही, प्रत्यक्ष जावे लागते. जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आत जावे; त्यानंतर काका रोपांना सावली करण्याच्या कामात असतात आणि ते काम सोडून येत नाहीत.